मुरमातलं लॅव्हेंडर

प्रिय रुपाली,

पत्र बघून दचकू नकोस. इकडे सगळे धडधाकट आहेत. गाय व्याली, कालवड झाली. तुझ्या मामांचा गुडघा कधी दुखतो, कधी दुखायचं विसरतो. आणि मी अजून अंगणवाडीत पोरांची शेंबडी नाकं पुसते आहे. फोन असताना ही बाई कागद का खरडत बसली, असं तुला वाटेल. पण फोनवर माझं एक होतं बघ. तुझा फोन आला की मी पाऊसपाणी विचारते, मग कांद्याचा भाव सांगते, मग तू विचारतेस, "आत्या, आला का वास?" मी म्हणते, न्हाई गं बाई. तू म्हणतेस, सोडू नका, सकाळ-संध्याकाळ हुंगत राहा. झालं, फोन ठेवला. दोन वर्षं असंच चाललंय. तू गोरक्षनाथरावांच्या घरी नांदायला गेलीस, तिकडचा संसार सुरू झाला, तरी आम्हा पहिल्या सासू-सासऱ्याला आत्या-मामा म्हणायचं तू सोडलं नाहीस आणि माझ्या नाकाची चौकशीही सोडली नाहीस. खरं तर या घराशी तुझं नातं आता काय? करणमुळे तू आमची सून झालीस, आणि करण तर गेला. उरली ती ही एक चौकशी. तीही थांबली तर तुझं-माझं काय राहतं, याचा घोर मला बरेच दिवस लागलाय. म्हणून म्हटलं, सगळं सावकाश लिहून सांगावं.

आधी तुझ्या लॅव्हेंडरची खबर देते, नाहीतर तुझा जीव तिकडेच अडकेल. पावसाळ्यातून सगळी झाडं वाचली. आभाळ भरून आलं तेव्हाच मी रांजण आणि कुंड्या पडवीत पत्र्याखाली ओढल्या. मामा कुरकुरले, एवढं तर आपण कधी कपाशीला जपलं नाही म्हणाले, पण रांजणाला हात त्यांनीच लावला. एका झाडाचा बुडखा काळा पडला होता, तेवढा कापून टाकला. दसऱ्याला सगळी उन्हात काढली. करड्या फांद्यांना नवी पालवी फुटलीय, थंडी पडली की तुरे धरतील. छाटलेल्या काड्या वाळूत खोचून ठेवल्यात. त्यातल्या किती जगतील कुणास ठाऊक, पण गावातल्या बायका आत्तापासून सांगून ठेवतायत, ते साबणाचं झाड एक आम्हाला ठेवा. मी सगळ्यांना हो म्हणते.

हे झाड आपल्या दारात शोभेसाठी आलं नव्हतं, हे त्या बायकांना माहीत नाही. कोरोनाच्या त्या उन्हाळ्यात मी आणि करण एकदमच आजारी पडलो, एकाच गाडीतून आम्हाला नगरला नेलं. मी परत आले, तो आला नाही. तुझ्या लग्नाला तेव्हा वर्षसुद्धा झालं नव्हतं. आणि मी आले ती नाक गमावून. दूध करपलं तरी कळेना, गॅस तसाच राहिला तरी कळेना. आंबलेली आमटी मी पाहुण्यांना वाढली, आणि सुतकाच्या घरात पाहुणे तरी काय बोलणार, बिचारे खाऊन गेले. मग तूच माझं नाक झालीस. पण माझं दुःख आमटीचं नव्हतं, आणि ते घरात तुला एकटीलाच कळलं होतं. मी करणचं कपाट उघडून त्याचे शर्ट तोंडाला लावायची. त्याच्या टेम्पोचं डिझेल, कांदा, त्याचा घाम, सगळं त्या कपड्यांत होतं. तुला ते येत होतं. ज्या आईनं त्याला जन्म दिला तिला मात्र नुसतं कापड लागत होतं. तू दारात उभी राहून बघायचीस आणि आत निघून जायचीस. डॉक्टरांनी सांगितलं होतं की उग्र वास रोज हुंगत राहा, नाक हळूहळू शिकतं. लवंग, लिंबू, निलगिरी, सगळं करून झालं होतं. मग तू मोबाईलवर कुठंतरी वाचलंस आणि नगरच्या नर्सरीतून लॅव्हेंडरची रोपं घेऊन आलीस.

आणि आम्ही ती मारली. पाटाच्या पाण्यावर वाढलेली माणसं आम्ही, दारात रोप मलूल दिसलं की हात आपोआप तांब्याकडे जातो. मामा सकाळी तोंड धुतलं की उरलेलं पाणी त्याला घालायचे. मी तांदूळ धुतलेलं घालायची. दूध न्यायला येणारा पुंजाराम, त्याचा काही संबंध नाही, तोसुद्धा आपली बाटली त्याच्यावर रिकामी करायचा. काळी जमीन, वर एवढं पाणी, रोपं पिवळी पडली. पिवळी पडली म्हणून आम्ही आणखी पाणी घातलं. पाटाला पाण्याचं आवर्तन आलं तेव्हा तर मामांनी त्यांच्यासाठी खास सरी काढून दिली. शेवटी मुळं कुजून रोपं हातात आली. मला वाटलं आता तू रडशील. तू म्हणालीस, "आत्या, याला आमच्या गावासारखं ठेवावं लागंल." तुझं माहेर पाथर्डीकडच्या माळावरचं, जिथं दिवाळी झाली की निम्मं गाव ऊस तोडायला जातं आणि पाण्याचा हंडा मोजून-मापून वापरला जातो. पुढच्या खेपेला तुझे वडील आले ते खताच्या गोणीत मुरूम घेऊन. व्याह्याच्या घरी मुरूम भेट आणलेला माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. रंगनाथभाऊ गोणी खाली ठेवून अवघडून उभे राहिले होते. तू फुटक्या रांजणाच्या बुडाला भोक पाडलंस, मुरूम, वाळू, मूठभर शेणखत भरलंस, नवं रोप लावलंस आणि घराला हुकूम सोडलास की माती आतपर्यंत सुकल्याशिवाय कुणी पाण्याला शिवायचं नाही. करण गेल्यापासून तू मिटून गेली होतीस. या घरात मोठ्यानं बोललेलं तुझं ते पहिलंच वाक्य होतं, आणि मला फार बरं वाटलं.

मग ते झाड असं माजलं की विचारू नकोस. सकाळच्या चहाआधी आणि दिवेलागणीला तू एक तुरा खुडायचीस, बोटांत चुरडून माझ्या नाकाखाली धरायचीस आणि विचारायचीस. मी डोळे मिटून दम भरून ओढायची. नाकात नुसती झिणझिण. तू तोंडावर काही दिसू द्यायची नाहीस. पण चुरडलेला तुरा टाकून द्यायचं तुझ्या जिवावर यायचं, म्हणून तू त्याला एकेक काम लावत गेलीस. जुन्या पातळाच्या पुरचुंड्या शिवून गोधड्यांच्या घड्यांत घातल्यास. एक माझ्या उशीत, एक तुझ्या. तिळाच्या तेलात तुरे बुडवून बाटली उन्हात ठेवलीस आणि मामांच्या गुडघ्याला चोळायला सुरुवात केलीस. गुडघा तेलानं दुखायचा राहिला की सून रोज विचारपूस करते म्हणून राहिला, देव जाणे. वाळल्या काड्यांची गोठ्यात धुरी केलीस. डास कमी झाले असं मामा म्हणाले, गाय काही बोलली नाही.

ज्वारीच्या कोठीत पुरचुंड्या घातल्यास तो तर कहर होता. कडुनिंबाचा पाला घालतात तसं हेही चालेल, किडा लागणार नाही, हे तुझं म्हणणं. किडा नाही लागला. पण मामांनी भाकरीचा पहिला घास तोंडात घेतला, ताटाकडे बघितलं, तुझ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी आपली मजेत खात होते, मला काय कळतंय! मामा म्हणाले, "आंघूळ क्येलेली भाकर पयल्यांदाच खातुय." तू तोंडाला पदर लावलास, पण हसू काही थांबेना. मग मी हसले, मग ते हसले. करणनंतर आपण तिघं एकत्र पहिल्यांदा हसलो ते त्या साबणाच्या भाकरीवर. ती ज्वारी संपेपर्यंत मामांनी पुन्हा तक्रार केली नाही. कांद्याच्या बियाण्याचे गोंडे फुलले तेव्हा मधमाश्या तुझ्या रांजणावरून उठून आपल्या गोंड्यांवर जायच्या, आणि ते बघायला मामा शेजारच्या गहिनीनाथाला हाताला धरून घेऊन यायचे. सगळं बरं चाललं होतं. एक सोडून. करणच्या शर्टांतही तू पुरचुंड्या ठेवल्या होत्यास, कसर लागू नये म्हणून. ते मला आवडलं नव्हतं, पण तुझाही तो नवरा होता, मी गप्प बसले.

संक्रांतीचं तुला आठवत असेलच. हळदीकुंकवाला वाण म्हणून मी तुझ्याच पुरचुंड्या द्यायच्या ठरवल्या. बायका हुंगून हुंगून वेड्या झाल्या. कुणी शिवल्या, कुणी शिवल्या? मी म्हटलं, आमच्या रुपालीनं. झुंबरबाईंच्या सुनेच्या हाताला काय गुण आहे, असं सगळ्या म्हणाल्या आणि तिला बाहेर बोलवा असं एकीच्याही तोंडून निघालं नाही. तू आत चहा गाळत होतीस. माझं डोकं फिरलं. आत आले, तुझा हात धरून तुला बाहेर आणलं आणि सगळ्यांच्या देखत कुंकू लावलं. दोघी-तिघी उठून तरातरा निघून गेल्या. वाण मात्र कुणी ठेवून गेलं नाही हो!  त्याच दिवशी मी मामांना सांगितलं, ही पोर जन्मभर आत बसून चहा गाळणार असेल तर आपण माणसं नव्हेत, तिला स्थळ बघा.  ते टोपी घालून रंगनाथभाऊंना फोन लावायला बाहेर गेले. गोरक्षनाथरावांना बघायला नगरला दोघं व्याही बरोबरच गेले होते, हे तुला ठाऊक आहे.  घरी आल्यावर मामा मला म्हणाले, मुलगा शांत आहे, पोरीला जपेल.

तू गेल्यावर मी तुझ्या शिस्तीनं तुरा चुरडत राहिले. आता जे सांगायचं ते सांगते, रागावू नकोस. माझं नाक परत आलंय. यंदा श्रावण सरता सरता उघडीप मिळाली, म्हणून गोधड्या उन्हात टाकायला काढल्या आणि करणचं कपाटही उघडलं. उघडलं, नाकात तुझ्या तुऱ्याची ती ओळखीची झिणझिण झाली आणि वाटलं, तू मागे येऊन उभी राहिलीस. कधी आलीस गं, असं म्हणत मी वळलेसुद्धा. मागे कुणी नव्हतं. मग कळलं की हा वास आहे. चार वर्षांनी मला पहिला वास आला तो तुझा. मी करणचे शर्ट एकेक करून तोंडाला लावले, कॉलरी हुंगल्या, खिसे हुंगले. करण कुठंच नव्हता. जिकडे तिकडे लॅव्हेंडर. तेव्हा तुझा असा राग आला, म्हणून सांगू! जमिनीवर बसून मी पोटभर रडले. रडून झाल्यावर डोकं ठिकाणावर आलं. एवढ्या दिवसांत त्याचा वास तसाही उडून गेला असता, आणि माझ्या हाती कसरीनं खाल्लेल्या चिंध्या आल्या असत्या. शर्ट शाबूत आहेत ते तुझ्यामुळे. आता मी अधूनमधून ते कपाट मुद्दाम उघडते, आणि तिथं तू असतेस ते मला बरं वाटतं.

लगेच तुला कळवायला हवं होतं. फोन हातात घेतलाही होता. मग भीती वाटली. नाक बरं झालं म्हटल्यावर तू मला काय विचारणार? तुझा फोन यायला निमित्त काय राहणार? पुढच्या वेळी तू विचारलंस आणि मी न्हाई म्हणून गेले. त्याच्या पुढच्या वेळीही. मागे एकदा तू फोनवर म्हणालीस, आत्या, नाउमेद होऊ नका, आणि त्याच वेळी माझ्या हातात वाळका तुरा होता, घर सगळं त्याच्या वासानं भरलं होतं. फार वाईट वाटलं गं. तरीही बोलले नाही.

पण लबाड काही मी एकटीच नाही. परवा रंगनाथभाऊ घोडेगावच्या बाजारात बैलजोडी बघायला आले होते, ऊसतोडीला निघायच्या आधी. मामा त्यांना चहाला घरी घेऊन आले. बशीत चहा ओतता ओतता ते म्हणाले, "पोरीला दिवस गेलेत. पौषात हाय. म्या तर तव्हा फडात असंन, घराला कुलूप." आम्हाला ठाऊकच असेल असं धरून ते बोलले. एवढी मोठी गोष्ट, आणि तू मला कांद्याचा भाव विचारत होतीस! त्या रागात मी संध्याकाळची भाजी करपवली. करपल्याचा वास आला, धावत गेले, आणि मग रागातच हसू आलं. तू का सांगितलं नाहीस ते मला कळलं. ज्या घरातलं लेकरू गेलं त्या घरात आपल्या लेकराचं कसं सांगायचं, म्हणून तू गप्प राहिलीस. मला थोडं दुखलं, खोटं कशाला लिहू. पण आनंद झाला तो त्याहून पुष्कळ मोठा.

आता या पत्राचं खरं काम. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. तुझी आई तू परकरात असताना गेली, वडील फडात, घराला कुलूप, तिकडे सासूबाई थकलेल्या. करू कसंतरी, असं तू मनात म्हणत असशील, तुला ओळखते मी. कसंतरी करायचं नाही. तू इकडे ये. बाळंतपण दवाखान्यातच होईल, अंगणवाडीच्या बाईच्या घरात दुसरं चालायचं नाही, पण आधीचे आणि नंतरचे दिवस माझ्याजवळ राहा. लोक म्हणतील, पहिल्या सासरी कुणी बाळंतपणाला जातं का? त्यांना म्हणावं, जातं. गोरक्षनाथरावांना आणि सासूबाईंना मात्र नीट विचार. त्यांना अवघड वाटत असेल तर माझा हट्ट नाही, मीच डिंकाचे लाडू घेऊन नगरला येईन. मामांना कसं विचारावं याच काळजीत मी होते. दुसऱ्या दिवशी अंगणवाडीतून घरी आले तर त्यांनी माळ्यावरची जुनी बाज खाली काढलेली. करणच्या वेळी मी जिच्यावर निजले होते ना, तीच. जुनी दोरी सोडून नवा सुंभ विणत बसले होते. मी बघत उभी राहिले तसे मान वर न करता म्हणाले, "लेकीचं पयलं बाळातपण हाय. ढिली बाज चालती व्हय?" हे पत्र घेऊन तेच तुझ्याकडे आलेत. कांदा घेऊन नगरला यायचंच होतं, असं सांगतील. बाकी काही बोलणार नाहीत, टोपी काढतील, घालतील, चहा पितील. त्यांच्या पिशवीत तुझ्याच झाडाच्या पुरचुंड्या आहेत, उशाशी ठेव. पिशवी रिकामी परत पाठवायची नसते, हे तुला सांगायला नको. येणार असशील तर तिच्यात तुझी एक जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी घाल. बाळाची गोधडी लगेच शिवायला घेते, एक बाजू तुझ्या साडीची, एक माझ्या पातळाची. करणच्या कपड्यांतलं त्यात काही लावणार नाही, निश्चिंत राहा. मामांना काही सांगत बसू नकोस, नुसती साडी घाल. पिशवी दारात आली की उघडायच्या आधी मी तिला नाक लावीन. तुझा वास आता मला ओळखता येतो.

तुझीच,
आत्या